झाकण लावून काढलेला फोटो

मृण्मयी आणि तिची चुलत बहीण सायली बन्सीकाकांच्या स्टुडिओत गेल्या त्या पासपोर्ट फोटो आणायला. काम पाच मिनिटांचं होतं. शिष्यवृत्तीच्या फॉर्मला लावायचे आठ-आठ फोटो पाकिटात घालायचे आणि घरी यायचं. पण बरोबर त्याच वेळी सगळ्या गारखेड्याची लाईट गेली. प्रिंटरमधून सायलीचा चेहरा नाकापर्यंत बाहेर आला होता, तो तिथेच थांबला.

"बरंच झालं," मृण्मयी हळूच म्हणाली. "नाकाखाली तोंड उघडंच राहिलं होतं तुझं."

"गप गं. काका, इन्व्हर्टर नाही का तुमच्याकडे?"

"आहे की. पंख्यापुरता. लावू का पंखा?" बन्सीकाका म्हणाले. जानेवारीचा शेवटचा आठवडा होता आणि रस्त्यावरून येणारा वारा बोचत होता. काकांनी शटर अर्धं खाली ओढलं. सायलीने मोबाईलची बॅटरी लावली.

त्या उजेडात मृण्मयीला भिंत दिसली. भिंतीवर ताऱ्यांचा एक मोठा फोटो होता, काळ्या चौकटीतला. त्याच्या शेजारी तेवढ्याच मापाची जागा रिकामी होती. खिळा ठोकलेला, खिळ्याला दोरीही बांधलेली. चौकट मात्र नव्हती. बाहेरच्या माणसांशी बोलायचं म्हणजे मृण्मयीला आधी मनात वाक्य जुळवावं लागे. तिने ते जुळवलं आणि विचारलं, "काका, इथला फोटो कुठे गेला?"

काकांनी त्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं.

"तिथं फोटो लागलाच नाय कधी," मग ते म्हणाले. "जागा धरून ठेवली होती. विश्वजितसाठी. मागच्या गल्लीतला विश्वजित, चितेगावला कारखान्यात माल तपासायच्या कामावर आहे तो. हा ताऱ्यांचा फोटो त्याचाच."

"मग दुसरा का नाही लावला?"

"लाईट यायला वेळ आहे. सांगतो. पण मधी हसायचं नाय."

"भुताची आहे का?" सायलीने विचारलं.

"ते तुम्ही ठरवा. आन् ती बॅटरी बंद कर, बेटा. संपून जाईल."

सायलीने बॅटरी बंद केली. अंधारात काकांचा आवाज तेवढा राहिला.

तारीख काकांना पाठ होती. शुक्रवार, एकोणीस डिसेंबर. मार्गशीर्ष अमावस्या.

विश्वजितला त्या रात्री एका तेजोमेघाचा फोटो काढायचा होता. मृग नक्षत्रात राजन्य नावाचा निळसर तारा आहे. त्याच्या शेजारी धुरासारखा एक पट्टा पसरलेला आहे, इतका अंधुक की नुसत्या डोळ्यांना तो कधीच दिसत नाही. त्याला स्वतःचा उजेड नाही. राजन्याचा उजेड अंगावर पडतो म्हणून तो जरासा उजळतो, एवढंच. तीन हिवाळे विश्वजित त्याच्या मागे होता. एकदा ढग आले, एकदा चंद्र आडवा आला, एकदा शहराच्या दिव्यांनी आकाश पांढुरकं करून टाकलं. या वेळी हवा कोरडी होती, चंद्र नव्हता आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. असा मुहूर्त पुन्हा वर्षभर येणार नव्हता.

जागा सुदर्शनने दिली. सुदर्शन त्याचा कारखान्यातला मित्र. चितेगाव ओलांडून पैठणच्या रस्त्याने पुढे गेलं की एक कच्चा रस्ता आत वळतो. तिथून तीन-चार किलोमीटरवर सुदर्शनच्या मामाचं शेत. सुदर्शनही येणार होता, पण ऐन वेळी त्याला दुसरी पाळी लागली. विश्वजित एकटाच गेला. जाताना मामांना द्यायला पाव किलो चिवडा घेतला.

मामांचं नाव कारभारी. सत्तरीला टेकलेले, काटक. मामी सरूबाई. शेतातच दोन खोल्यांचं घर, पुढे अंगण, एका बाजूला खळ्याची मोकळी जागा. घरासमोर साठ-सत्तर पावलांवर जुनी विहीर. विहिरीच्या काठाशी लाकडी खांब आणि खांबावर एक पिवळा बल्ब.

विश्वजितने खळ्यात ट्रायपॉड रोवला. ताऱ्यांच्या चालीने कॅमेरा हळूहळू फिरवणारं यंत्र ध्रुवताऱ्याकडे रोखून बसवलं. कपाळाला लाल काचेची बॅटरी बांधली, कारण पांढऱ्या उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे बिघडतात. सरूबाई चहा घेऊन आल्या. कप त्यांनी त्याच्या हाताच्या वीतभर डावीकडे धरला होता. विश्वजितने तो पुढे होऊन घेतला. त्याचं लक्ष यंत्राच्या पातळीकडे होतं.

"कशाचा फोटू काढतो, बाबा?"

"ढगाचा, मामी. चांदण्यांमधल्या ढगाचा."

"मला तर कायच दिसंना."

"कुणालाच दिसत नाही. पण कॅमेऱ्याचा डोळा खूप वेळ उघडा ठेवला, की उमटतं."

सरूबाई थोडा वेळ उभ्या राहिल्या. "म्हंजी जे दिसत नाय, त्येचा बी फोटू निघतो?"

"निघतो की."

"किती वेळ उघडा ठिवावा लागतो?"

"चार-पाच तास."

"एवढंच?" सरूबाई म्हणाल्या. "मी तर सात वर्सं…"

"तू आत जा," कारभारी एकदम म्हणाले. "गारठा लई हाय."

मग त्यांनी स्वतःच अंगणातला दिवा घालवला, गोठ्यातला घालवला. "बाराला मोटारीची लाईट येती," ते म्हणाले. "मी गव्हाला पाणी द्यायला जातो. तुरीच्या पल्याड बोअर हाय, तिथं. तू तुपलं काम कर निवांत."

"मामा, तो विहिरीवरचा दिवा?"

"त्यो राहू द्या."

"पण मध्यरात्रीनंतर कॅमेरा तिकडेच वळणार. त्याचा उजेड लेन्सवर…"

"राहू द्या म्हणलं ना, पाव्हणं." आवाज चढला नव्हता. पण एवढा वेळ 'तू' म्हणणारा माणूस 'पाव्हणं' म्हणाला, हे विश्वजितच्या लक्षात आलं. त्याने मान डोलावली.

"काय कारण ते का नाही सांगितलं त्यांनी?" सायलीने विचारलं.

"काही गोष्टी परक्याला सांगताना जीभ उचलत नाय, बेटा," काका म्हणाले. "आन् विश्वजितनंबी विचारलं नाय. त्याला घाई होती."

फोटो सुरू झाले. तीन मिनिटांचा एक. खट्… आणि तीन मिनिटांनी पुन्हा खट्. असे पुष्कळ फोटो काढून नंतर एकावर एक रचले, की अंधुक गोष्ट वर येते. बारा वाजले, एक वाजला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर राजन्याशेजारी खरोखरच काहीतरी उमटत होतं. तव्यावर राखेचं बोट फिरवावं तसं.

मृग पश्चिमेला कलला. कॅमेरा विहिरीकडे वळला. आणि दोनच्या सुमारास फोटोंत पिवळसर पट्टा यायला लागला. एका फोटोत आला. पुढच्यात आला. त्याच्या पुढच्यातही. विश्वजितने लेन्सपुढे पुठ्ठा धरून पाहिला, पांघरुणाचा आडोसा करून पाहिला. उपयोग झाला नाही. तीन वर्षं त्याने ज्याची वाट पाहिली ते त्याच्यासमोर होतं, आणि एक बल्ब ते पुसून टाकत होता.

दोन वाजून दहा मिनिटांनी तो विहिरीपाशी गेला. खांबावर बटण नव्हतं, तार सरळ होल्डरमध्ये गेली होती. विहिरीला तीन बाजूंनी कठडा होता. घराकडची बाजू तेवढी उघडी होती. आत पायऱ्या उतरत होत्या आणि खाली नुसता काळोख होता. विश्वजितने रुमालाने बल्ब धरला आणि फिरवून काढला. दोन तासांचाच प्रश्न आहे, त्याने स्वतःला सांगितलं. मामा यायच्या आत परत लावतो. बल्ब त्याने जॅकेटच्या खिशात ठेवला.

आणि आकाश असं उघडलं, म्हणतो, की त्याला क्षणभर श्वास घ्यायचं सुचलं नाही.

तीन वाजून चौपन्न मिनिटांनी फोटो संपले. आता एकच काम राहिलं होतं. लेन्सला झाकण लावून तेवढ्याच वेळाचे वीस फोटो काढायचे.

"झाकण लावून?" सायली हसलीच. "मग फोटोत काय येणार?"

"काहीच नाय. नुसता काळा. तेच पाहिजे असतं," काका म्हणाले. "कॅमेऱ्याच्या स्वतःच्या पोटात थोडी खरखर असते, ठिपके असतात. ते या काळ्या फोटोत उमटतात. मग खऱ्या फोटोतून तेवढे वजा करायचे. मी हसू नको म्हणलं होतं."

झाकण लागलं. खट्. आता बाहेर कितीही उजेड असला तरी फोटोला धक्का लागणार नव्हता. म्हणजे बल्ब तेव्हाच परत लावता आला असता. विश्वजितला ते कळत होतं. पण हात बधिर झाले होते. पांघरूण घेऊन तो प्लास्टिकच्या खुर्चीत बसला. जाऊ की, म्हणाला. दहा मिनिटांनी जाऊ.

चार वाजून दहा मिनिटं झाली असतील. बैलगाडीखाली झोपलेलं कुत्रं उठलं. भुंकलं नाही. विहिरीकडे तोंड करून उभं राहिलं, मग शेपूट आत घेऊन घरामागे निघून गेलं.

तुरीची सळसळ थांबली.

विहिरीत पाणी हललं. बादली बुडवल्यावर हलतं तसं. मग थेंब पडल्याचा आवाज आला. एक. दोन. मग पायरीवर पाऊल पडलं.

चप्…

ओलं पाऊल. विश्वजितने कान टवकारले. बेडूक असेल. पण थंडीत बेडूक कुठला?

चप्… चप्…

वर येत होतं.

तो उठायला गेला. उठता आलं नाही. पाय त्याचे राहिलेच नव्हते. त्याला वाटलं ओरडावं. तोंड उघडलं. आवाज नाही.

पावलं काठाशी आली आणि थांबली.

त्याच वेळी घराचं दार वाजलं. सरूबाई बाहेर आल्या. रात्रभर अंधारात राहिलेल्या डोळ्यांना ताऱ्यांचा उजेडही पुरतो. विश्वजितला त्यांचं फिकट लुगडं स्पष्ट दिसत होतं. त्या सरळ निघाल्या. काठी नाही, बॅटरी नाही. रोजची वाट असल्यासारख्या. विहिरीकडे.

आणि तेव्हा त्याला तो चहाचा कप आठवला. वीतभर डावीकडे धरलेला. मला तर कायच दिसंना… सरूबाई आकाशाबद्दल बोलत नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. उजेड आणि अंधार, एवढंच त्यांना कळत होतं.

तो बल्ब त्यांच्यासाठी होता. बल्ब दिसला की थांबायचं. तिथे विहीर आहे.

आणि बल्ब त्याच्या खिशात होता.

मामी, थांबा. तो आतल्या आत किंचाळत होता. बाहेर काही येत नव्हतं. नुसती वाफ.

चाळीस पावलं राहिली. तीस.

सरूबाई स्वतःशीच बोलत होत्या. रात्र इतकी गप्प होती की शब्द न् शब्द ऐकू येत होता. "उजेड कामून येईना… आज लई लांब गेली बाई विहीर…"

वीस.

विश्वजितचा फक्त उजवा हात हलला. तो खिशात गेला. बल्ब सापडला. दोन तासांपूर्वी काढलेला बल्ब. बर्फासारखा असायला हवा होता.

तो ऊन होता.

दहा. पाच.

"किस्ना," सरूबाई म्हणाल्या, "दिवा का रं नाय लावला?"

दोन…

विश्वजितने डोळे मिटले नाहीत. मिटताच आले नाहीत त्याला.

एक.

सरूबाई थांबल्या. उचललेलं पाऊल तसंच अधांतरी राहिलं. मग ते हळूच मागे आलं. त्यांनी मान वर केली, डोळ्यांवर आडवा हात धरला. समोर उजेड आल्यावर माणूस धरतो तसा. पण उजेड नव्हता. विश्वजित आजही शपथेवर सांगतो, ठिपकाभरही नव्हता.

मग त्यांनी दुसरा हात पुढे केला. तो हात हवेत राहिला. कुणीतरी धरल्यासारखा. त्या वळल्या. आणि घराकडे चालू लागल्या. त्यांच्या चपलांचा आवाज येत होता. आणि त्यांच्या शेजारून…

चप्… चप्…

दार लागलं.

खट्. कॅमेऱ्याचा आवाज झाला आणि विश्वजित खुर्चीसकट बाजूला कोसळला. पाय परत आले होते. त्याने घड्याळ पाहिलं. चार वाजून एकवीस मिनिटं.

उजाडलं तेव्हा तो तिथेच बसून होता. बल्ब लावायला विहिरीपाशी जायचं त्याचं धाडस झालं नाही. कारभारी तुरीच्या वाटेने आले. गुडघ्यापर्यंत चिखल होता. त्यांनी आधी रिकामा होल्डर पाहिला. खांद्यावरचं फावडं खाली टाकलं आणि घराकडे धावले. सत्तरीचा माणूस, पोरासारखा धावला. थोड्या वेळाने बाहेर आले आणि उंबऱ्यावर बसले.

"हाय," ते म्हणाले. "झोपलीय."

विश्वजितने खिशातून बल्ब काढून त्यांच्यापुढे ठेवला. बन्सीकाकांनी नंतर त्याला विचारलं होतं, मामा खूप बोलले का रे? विश्वजित म्हणाला, नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

कारभारींनी फक्त एवढं सांगितलं. किस्ना त्यांचा मुलगा, कृष्णा. सात वर्षांपूर्वी मोटार याच विहिरीवर होती. मध्यरात्री लाईट आली आणि तो बटण दाबायला गेला. "खांबावरला बल्ब चार दिसापासून गेलेला. उद्या आणतो, उद्या आणतो म्हणत मीच राह्यलो. नंतर कठडा बांधाया काढला. ह्या बाजूनं तिनं बांधू दिला नाय. म्हणली, लेकरू वर कुठून येईल? मग हा दिवा लावला. रोज चारला उठती, दिव्याखाली येऊन बसती, उजाडतूर. उजेडाच्या म्होरं एक पाऊल टाकलं नाय तिनं सात वर्सांत."

आतून सरूबाईंची हाक आली. "अवो, पाव्हण्याला चहा दिला का? आन् रातच्याला कोणता बल्ब लावला व्हता? लई उजेड पडला. घरापतूर वाट दिसली मला."

कारभारींनी पुढ्यातला बल्ब उचलून पाहिला.

बन्सीकाका थांबले. रस्त्यावरून एक रिक्षा गेली आणि शटरखालून तिचा उजेड फरशीवर सरकत जाऊन नाहीसा झाला.

"मग तेजोमेघाचा फोटो?" मृण्मयीने विचारलं.

"केलाच नाय त्यानं. कॅमेरा कपाटात आहे. आता दर शनिवारी तिकडं जातो, दोन नवे बल्ब घेऊन. लागत नसले तरी." काकांनी टेबलाचा खण उघडल्याचा आवाज आला. "पण ते झाकण लावलेले वीस फोटो त्यानं एकदा पाहिले. एकोणीस काळे होते. नववा घेऊन माझ्याकडं आला. कागदावर काढून द्या म्हणाला, बघू कागदावरबी येतं का. लाव गं बॅटरी."

सायलीने बॅटरी लावली. हसू केव्हाच गेलं होतं.

फोटो काळा होता. कोपऱ्यात बारीक आकड्यांत वेळ होती, चार अठरा. आणि मधोमध एक पिवळा, गोल उजेड. खांब नव्हता. तार नव्हती. नुसता उजेड, आणि त्याच्यावरून गेलेल्या काळ्या रेघा.

"या रेघा?" सायलीने विचारलं.

"प्रिंटरचा दोष," काका म्हणाले. "तीनदा काढला. तीनदा आल्या. दुसऱ्या कुठल्या फोटोत येत नायत."

मृण्मयीने रेघा मोजल्या. चार उभ्या होत्या, वर निमुळत्या झालेल्या. पाचवी आखूड, जाड, बाजूला तिरकी. तिने पुन्हा मोजल्या. वाक्य मनात जुळलं होतं, पण तिला ते म्हणता येईना.

तिने सायलीला हातातली बॅटरी समोर धरायला लावली. आणि वाऱ्यात दिवा विझू नये म्हणून धरतात, तसा आपला पंजा त्या उजेडापुढे धरला. बोटांच्या फटींतून उजेड बाहेर आला.

सायलीने तिच्या हाताकडे पाहिलं. मग फोटोकडे. काकाही टेबलावर वाकले आणि वाकलेलेच राहिले.

लाईट आली. प्रिंटर घरघरला आणि सायलीचा उरलेला चेहरा बाहेर ढकलू लागला. मृण्मयीने हात खाली घेतला.

फोटोतला हात तसाच होता.